उस्तादाची क्लिप

“पिराजीमामा, नीट बगा आन् मग सांगा. कुनाच्या चुकीनं पेटली ही?”

लिंगराजनं विचारलं तशी अंगणातली पंधरा-वीस माणसं बोलायची थांबली. पिराजी गुडघ्यावर हात टेकत खाली बसला. समोर भिंतीला टेकवून ठेवलेली मोटारसायकल. मोटारसायकल म्हणायचं ते केवळ सवयीनं. सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या, टाकीचा लाल रंग पापुद्रे धरून सुटला होता आणि डावी बाजू तर चुलीतून ओढून काढल्यासारखी काळी पडली होती.

बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. लिंगराज आणि त्याची बायको मंजुश्री आळंदचा बाजार करून खजुरीला परत येत होते. तुरीच्या शेतांमधल्या रस्त्यावर इंजिनापाशी एकदम भडका उडाला. लिंगराजनं उडी मारली. मंजुश्री डावीकडं पाय सोडून बसलेली. तिच्या साडीनं पेट घेतला आणि डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भाजला. तुरीच्या शेंगा तोडणाऱ्या बायका धावत आल्या, त्यांनी मूठ मूठ माती टाकून आग विझवली, म्हणून तेवढ्यावर निभावलं. कलबुर्गीच्या दवाखान्यातून कालच तिला घरी आणलं होतं. आतल्या खोलीत ती बाजेवर पडून होती आणि कूस बदलताना तिचं कण्हणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं.

खजुरीत मोटारसायकलीतलं कुणाला कळतं म्हणाल तर दोघांना. एक पिराजी, ज्याचं दुकान बसस्टँडवरच्या लिंबाखाली अठ्ठावीस वर्षं चाललेलं. दुसरा पंचाक्षरी, जो याच लिंबाखाली सहा वर्षं शिकला आणि मग रस्त्याच्या पलीकडं स्वतःचं दुकान मांडून बसला. गाडी पेटण्याच्या आठ दिवस आधी पंचाक्षरीनंच तिचा कार्बुरेटर खोलून धुतला होता. त्यामुळं गावाचा निकाल आधीच लागला होता. पिराजीला बोलावलं होतं ते त्या निकालावर शिक्का मारायला.

पिराजीनं टाकीखाली हात घातला. पेट्रोलचा कॉक अर्धा वितळला होता, रबरी पाइपाच्या वरच्या भागाचा कोळसा झाला होता, पण कॉकच्या नळीवर लोखंडी क्लिप तशीच बसून होती. डोळ्यांच्या आधी बोटांना ती ओळखू आली. स्क्रूनं आवळायची पट्टी. पट्टीचं जास्तीचं शेपूट करवतीनं कापून कानशीनं घासलेलं. स्क्रूचं डोकं मागच्या बाजूला फिरवलेलं, पँटला अडकू नये म्हणून. एवढी निगुती या पंचक्रोशीत एकच माणूस करत होता, आणि तो आत्ता तिथं उकिडवा बसला होता.

पंचाक्षरीनं धुतलेला कार्बुरेटर पाइपाच्या खालच्या टोकाला. तिथली क्लिप जागेवर होती, खालचा पाइप तर थोडा शाबूतसुद्धा होता. आग वरून, टाकीकडून लागली होती.

“काय दिसायलंय मामा?” लिंगराजनं वाकून विचारलं.

पिराजीनं टाकीशी आणखी वाकून अंगाच्या आडोशाला पेचकस काढला, क्लिप सैल केली, ओढून घेतली आणि मूठ मिटली. तो उठला तेव्हा ती मूठ खिशात गेली होती.

“काय कळंना बाबा,” तो म्हणाला. “समदं जळून गेलंय.”

मग ओट्यावर बसलेले किशनराव, लिंगराजचे चुलते, मान हलवत म्हणाले, “आमाला कळलं की. शिष्य हाय म्हून झाकायलाय उस्ताद. भांडून गेलेल्या पोरालाबी पाठीशी घालायलाय. मन मोठं हाय रे पिराजीचं.”

चार-सहा माना कौतुकानं डोलल्या. अंगणातून बाहेर पडताना एकानं त्याला वाट करून दिली, दुसऱ्यानं चहाचा आग्रह केला. क्लिपची कड मांडीला टोचत होती.

पिराजी सोळाव्या वर्षी हुमनाबादला गेला होता, हमरस्त्यावरच्या लॉऱ्यांच्या गॅरेजात. तिथं एका उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षं राबून तो दोन गोष्टी शिकला. पहिली, पाइपावर क्लिप लावायची ती स्क्रूचीच, आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी रबर फुगून वर येईस्तोवर आवळायची. लॉरीचा डिझेल पाइप अंगठ्याएवढा जाड, त्याला ते सोसायचं. दुसरी गोष्ट कामाची कमी आणि रिवाजाची जास्त: उस्तादानं आवळलेलं उस्तादानंच सोडायचं. शिष्यानं त्याला पाना लावला तर तो उस्तादाचा अपमान. लॉऱ्यांच्या त्या गल्लीत हा रिवाज मोडला म्हणून हाणामाऱ्या झालेल्या पिराजीनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

खजुरीला परत येताना त्यानं दोन्ही गोष्टी बरोबर आणल्या. मोटारसायकलचा पेट्रोल पाइप असतो करंगळीएवढा. त्याला कंपनी तारेची स्प्रिंग क्लिप देते, पकडीनं दाबली की उघडते आणि सोडली की आपली आपण बसते. पिराजीला तिचा भरवसाच वाटायचा नाही. “ही काय क्लिप हाय? बायांच्या केसाला लावा,” असं म्हणून तो ती उकिरड्यावर भिरकवायचा आणि कलबुर्गीहून आणलेली सगळ्यात लहान मापाची स्क्रूची क्लिप लावायचा. हातानं हलवून दाखवायचा. गिऱ्हाईक खूश. पिराजीचं काम सुटत नाही, असं लोक म्हणायला लागले. उमरग्याकडच्या गावांतून, म्हणजे हद्द ओलांडून महाराष्ट्रातूनही गाड्या यायला लागल्या.

त्या नावाची किंमत पिराजीलाच ठाऊक. त्याच्या बापाला ज्या ओट्यांच्या खाली उभं राहून बोलावं लागायचं, त्या ओट्यांवर आज त्याला बसायला पाट मिळत होता. बुद्धविहाराच्या वर्गणीच्या यादीत त्याचं नाव पहिलं असायचं ते ठीक, पण गावच्या जत्रेच्या बैठकीलाही त्याला निरोप यायचा. हे सारं त्यानं भाषणं करून मिळवलं नव्हतं. पाना, पक्कड आणि पेचकस, एवढ्यावर मिळवलं होतं. म्हणून कुणी त्याच्या कामावर बोट ठेवलं की त्याचा तोल जायचा.

पंचाक्षरीनं ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी शाळेतल्या एका मास्तरांची गाडी आली होती. पंचाक्षरीनं टाकीकडची स्क्रूची क्लिप काढून तिथं स्प्रिंगची बसवली. म्हणाला, “उस्ताद, लहान पाइपावर ही पट्टी गोल आवळत न्हाई. दोन बाजूनं दाबती, आन् तिच्या खाचा रबरात रुततात.” खरं तर पोरगं हळूच बोललं होतं. पण दुकानात पाच गिऱ्हाइकं होती. पिराजीनं हातातली पक्कड जमिनीवर आपटली. “माजं आवळलेलं सोडतोस व्हय रे? माज्या हाताखाली शिकून मला शिकवायलास?” आणखीही बरंच बोलला, त्यात पंचाक्षरीच्या वारलेल्या बापाचाही उद्धार झाला. दुसऱ्या दिवसापासून पंचाक्षरी आला नाही. दोन महिन्यांनी रस्त्यापलीकडं त्याची पाटी लागली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

लिंगराजच्या घरून पिराजी तडक दुकानात आला. दोन वर्षांपूर्वी पाइप बदललेली एक गाडी दुरुस्तीला आली होती. त्यानं तिच्या टाकीकडची क्लिप काढली, पाइप काढला आणि पातं घेऊन उभा चिरला. पट्टीच्या खाचांचे वळ रबरावर ओळीनं उमटले होते आणि दोन ठिकाणी चीर आतपर्यंत गेली होती. त्यानं दुसरी गाडी पाहिली. तिचा पाइप बरा होता, पण क्लिप खरंच गोल नव्हती, अंड्यासारखी झाली होती. जिथं स्क्रूचं घर होतं तिथं नख जाईल एवढी फट.

मन मोठं चलाख असतं. ते म्हणालं, हल्लीच्या पेट्रोलात उसाचं अल्कोहोल मिसळतात, त्यानं रबर कडक होतं, यात तुझा काय दोष? पिराजीनं थोडा वेळ ते ऐकून घेतलं. मग त्याला वाटलं, रबर कडक होतंय हे ठाऊक असूनही आपण आणखी अर्धा वेढा आवळतच होतो. त्यानं पातं खाली ठेवलं आणि तो आपण लावलेल्या क्लिपा मोजायला लागला. खजुरीत किती, पलीकडच्या वाडीत किती, उमरग्याच्या बाजूला किती. शंभरानंतर त्यानं मोजणं सोडलं. त्यातल्या प्रत्येक गाडीवर कुणीतरी बसलेलं होतं. तो टायरच्या चळतीवर बसून राहिला.

जेवायला घरी गेला तेव्हा त्यानं क्लिप कोंडाबाईसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. बायकोपासून त्यानं आजवर काही लपवलं नव्हतं; लपवलं तरी तिला कळायचंच.

कोंडाबाई क्लिप उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, “कुनी बगितलं?”

“न्हाई.”

“मग गप बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आन् पंचाक्षरी?”

“त्याचं काय हुतंय? चार दिस बोलतेल, इसरतेल. त्याचंच गाव हाय, त्याचीच मानसं हायती.” तिचा आवाज चढला. “तुमचं तसं न्हाई. तुमचं चुकलं म्हनल्यावर एकट्या तुमचं न्हाई चुकत, आपल्या समद्या गल्लीचं चुकतंय. इतकी वर्सं ह्या गावात ऱ्हाऊन तुमाला एवढंबी कळंना?”

पिराजीला कळत होतं. म्हणूनच तर हात आपोआप खिशात गेला होता. त्यानं भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताटातच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच बसम्मा आली. पंचाक्षरीची आई. पदराखाली तुरीच्या शेंगांची पिशवी होती. ती तिनं फळीवर ठेवली आणि पिराजी नको नको म्हणत असताना त्याच्यापुढं दोन्ही हात जोडले.

“अण्णा, तुमचं उपकार कवा फेडू? किशनराव सांगायलते. माज्या लेकाचं तुमी झाकलाव म्हनं.”

“अक्का, तसं काय न्हाई…”

“न्हाई कसं? मला कळतंय. त्याच्या हातनं चुकलं. बाईमानसाचा पाय जाळला त्यानं.” तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. “धा-बारा दिस झालं, भाकर गिळंना. दुकान उघडंना. सोलापूरला जातो म्हनायलाय, कुन्या कारखान्यात. परत येत न्हाई म्हनतोय. मी त्याला म्हनले, आरं चूक झाली तर तोंडानं बोल, पाय धर त्या पोरीचं. तर नुसता बगतो माज्याकडं.”

पोटच्या पोरावर खुद्द आईचा विश्वास उडाला होता, आणि तो ज्यानं उडवला त्याच्यासाठी ती शेंगा घेऊन आली होती. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

“कुटं हाय त्यो?” त्यानं विचारलं.

“रानात बसलाय.”

त्यानं शटर अर्ध्यावरून पुन्हा खाली ओढलं आणि तो निघाला.

पंचाक्षरी बांधावरच्या बाभळीखाली बसला होता. दाढी वाढलेली, नखांतलं ग्रीस मात्र पार गेलेलं. मेकॅनिकची नखं स्वच्छ झाली की समजावं, काम सुटलं. पिराजीला पाहून तो चटकन उठून उभा राहिला. चार वर्षं बोलणं नव्हतं, पण उस्ताद आला की उठायचं, ही सवय गेली नव्हती.

पिराजीनं खिशातून क्लिप काढून तळहातावर धरली. “ही वळखतोस?”

पंचाक्षरीनं पाहिलं आणि मान खाली घातली.

“तुला ठाऊक हुतं,” पिराजी म्हणाला. “कार्बुरेटर धुताना तुला दिसली हुती.”

“व्हय.”

“कशी हुती तवा?”

“पाइप चिरला हुता पट्टीखाली. ओल हुती. लई न्हाई. बोटाला वास यायलता एवढीच.”

“मग कामून सोडलास?” पिराजीचा आवाज फाटला. “दोन मिनिटाचं काम! क्लिप काढायची, बोटभर पाइप कापायचा, नवी लावायची. कामून न्हाई केलास?”

पंचाक्षरी पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, “तुमचं आवळलेलं हुतं, उस्ताद.”

पिराजीनं तळहातावरची क्लिप मुठीत घेतली.

“पेचकस लावलो हुतो मी,” पंचाक्षरी पुढं म्हणाला. “आन् मास्तराच्या गाडीचं आठवलं. वाटलं, पुना कळलं तर पुना गावाफुडं तमाशा. लिंगराजला म्हनलो, टाकीकडचं एकदा उस्तादाला दाखीव. त्यो हसला. म्हनला, पिराजीमामाची क्लिप हाय ती, तिला काय हुतंय? मग मीबी बसवलो खालचं आन् दिलो गाडी.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “तुमी आवळलाव, मी बगून सोडलो. दोगांचा हात हाय. म्हून बोललो न्हाई कुनाला. काय म्हनून बोलू?”

पिराजीच्या डोळ्यांपुढं ती आपटलेली पक्कड येत होती. त्या दिवशी पोराचं म्हणणं खाली बसून पाच मिनिटं ऐकलं असतं तर मंजुश्री आज स्वतःच्या पायांनी चालत पाण्याला गेली असती. हे त्याला अगदी सरळ कळलं आणि ते सोसवेना.

“चल माज्यासंगट,” तो म्हणाला. “आन् तितं गेल्यावर तू एक शब्द बोलायचा न्हाई. तुजं काम कार्बुरेटर धुवायचं हुतं, ते नीट झालं हुतं. एवढंच.”

“पर उस्ताद, ओल मी बगितलो हुतो—”

“गप.”

लिंगराजच्या अंगणात त्या वेळी तो स्वतः आणि ओट्यावर किशनराव होते. पंचाक्षरीला बघून लिंगराज ताडकन उठला. पिराजी मध्ये झाला. त्यानं क्लिप ओट्यावर ठेवली, किशनरावांच्या पानदानाशेजारी.

“ही माजी हाय,” तो म्हणाला. “काल हितनंच काढून नेलो. आग हिच्यापाशी लागली. हिनं पाइप कापला. पंचाक्षरीचा ह्यात काय संबंद न्हाई.”

लिंगराजला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यानं पिराजीच्या गळ्याशी शर्ट धरला, दोन गचके दिले आणि मारायला उचललेला हात तसाच वर राहिला. बापाच्या वयाचा माणूस होता. त्यानं शर्ट सोडला आणि जळक्या गाडीला लाथ घातली.

“काल कामून न्हाई सांगितलाव?”

“भ्यालो,” पिराजी म्हणाला.

किशनराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. शब्द पिराजीला ऐकू आले नाहीत. पण लहानपणी ते इतक्यांदा ऐकून झाले होते की ओठांच्या हालचालीवरूनही कळले. पंचाक्षरीला मात्र ऐकू आले असावेत, कारण तो एक पाऊल पुढं आला. पिराजीनं त्याचं मनगट धरलं.

“त्यास्नी आत पाठवा,” खोलीतून मंजुश्रीचा आवाज आला.

आत औषधाचा वास दाटला होता. पायावर कापडाचा स्पर्श होऊ नये म्हणून बाजेवर वेताची एक पाटी पालथी घालून तिच्यावरून लुगडं टाकलेलं. मंजुश्रीचं तोंड सुकलं होतं. वय तिचं अठ्ठावीसच्या आसपास, पिराजीच्या थोरल्या पोरीएवढं. पिराजी दाराशीच थांबला. त्यानं रस्ताभर काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

“पोरी, माजं चुकलं,” एवढंच तो म्हणाला.

“मी ऐकले समदं.” तिनं डोळे मिटले, उघडले. “मामा, लई दुकतंय मला. राती झोप न्हाई. तुमाला माफ करावं का न्हाई, त्ये मला सुचंना. त्येचं नंतर बगू.”

“व्हय.”

“माजा भाऊ हाय, दत्तू. रोज दोन लेकरं टाकीवर बशिवतो आन् शाळंला सोडतो. त्याच्या गाडीलाबी तुमचीच क्लिप हाय. दिवाळीत तुमीच लावलाव.” तिचा श्वास लागला, ती थांबली. “ती आदी काडा.”

“आत्ता जातो,” पिराजी म्हणाला. “आत्ताच काढतो.”

“तुमी नगं.” ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. “तुमचा हात नगं आता. पंचाक्षरीला सांगा.”

त्याच दुपारी पंचाक्षरीचं दुकान उघडलं. पहिली गाडी दत्तूची. तिचा पाइप काढून वाकवल्याबरोबर दोन तुकड्यांत हातात आला. दत्तू ते तुकडे रुमालात बांधून घरी घेऊन गेला.

त्यानंतर पिराजी आठ दिवस हिंडला. सकाळी भाकरी बांधून निघायचा, वाडी वस्ती, हद्दीपलीकडची गावं, चावडीत उभा राहून सांगायचा: माझी क्लिप असेल तर गाडी बंद ठेवा, पंचाक्षरीकडं न्या, तो बदलून देईल. कुणी शिव्या दिल्या. कुणी हसलं. एका गावात एक म्हातारा म्हणाला, “आरं, अकरा वर्सं झाली तुजी क्लिप लावून, थेंब गळाला न्हाई. मी न्हाई काढत जा,” आणि त्याची समजूत घालता घालता पिराजीच्या तोंडाला फेस आला. स्वतःचं नाव लोकांच्या मनातून स्वतःच खरवडून काढायचं काम होतं ते, आणि काही ठिकाणी ते भलतंच घट्ट बसलेलं होतं. संध्याकाळी घरी आला की कोंडाबाई त्याला काही विचारायची नाही. पाय शेकायला ऊन पाणी द्यायची. गल्लीतली दोन पोरं एकदा दारात येऊन म्हणाली, “काका, आमची मान खाली घातलाव तुमी.” तेव्हा मात्र ती उठली आणि त्यांना म्हणाली, “खाली घातली म्हून त्यास्नी आपली चूक दिसली तरी. जावा.” गल्लीतलं बोलणं काही त्यानं थांबलं नाही.

लिंबाखालच्या दुकानाकडं कुणी फिरकेना. नवव्या दिवशी पिराजीनं स्वतःची गाडी ढकलत रस्ता ओलांडला. पंचाक्षरीच्या दारात सात-आठ गाड्या उभ्या होत्या आणि लोक दगडावर, फळकुटावर, मिळेल तिथं टेकले होते. त्याला पाहून बोलणी थांबली. जागा मात्र कुणी सरकून दिली नाही. पंचाक्षरी हात पुसत धावत आला.

“उस्ताद, आदी तुमची घेतो.”

“न्हाई. मागनं आलोय, मागनंच घे.”

दोन तास तो गाडीला टेकून उभा राहिला. पंचाक्षरीचे हात चालताना बघत होता. पोरगं प्रत्येक क्लिप आधी पाइपावर घालून दोन बोटांत फिरवून बघायचं, सैल वाटली तर बाजूला टाकून दुसऱ्या मापाची घ्यायचं. घाई नव्हती. पिराजीनं त्याला हे शिकवलं नव्हतं.

त्याची पाळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पंचाक्षरी टाकीजवळ बसला, पेचकस स्क्रूच्या खाचेत ठेवला आणि थांबला. हात पुढं सरकेना. त्यानं मान वर केली.

“उस्ताद, सोडू?”

आजूबाजूचे चार जण बघत होते.

“सोड,” पिराजी म्हणाला.

स्क्रू कुरकुरला, मग फिरला. पाइप निघाला आणि कॉकमधून पेट्रोलची बारीक धार लागली. कॉक जुना होता, पुरता बंद होत नव्हता. पंचाक्षरीचे दोन्ही हात गुंतलेले. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पण दुकानात तो एकटाच होता. पिराजीनं भिंतीजवळची रिकामी बाटली उचलली, शिष्याशेजारी उकिडवा बसला आणि धारेखाली धरली. पंचाक्षरीनं पाइप कापला, क्लिप पकडीनं दाबून सरकवली, पाइप कॉकवर चढवला, क्लिप जागेवर आणून सोडली. टिक असा आवाज झाला. पेट्रोल थांबलं.

“हुतंय का बगा,” पंचाक्षरी म्हणाला.

पिराजीनं पाइपाखालून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. कोरडं होतं. त्यानं गाडी बाजूला लावली. मागं अजून दोन गाड्या होत्या. पंचाक्षरीनं पुढची गाडी ओढून घेतली आणि पेचकस लावला, तेव्हा पिराजी बाटली घेऊन परत त्याच्याशेजारी बसला होता.